तालीम आणि परवानगी



'तालीम' हा शब्द मराठीत कुस्तीगिरांचा आहे. तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, खुंटीला टांगलेले लंगोट, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या जोड्या आणि दारात उभा राहून शिष्यांचे जोर मोजणारा वस्ताद, एवढे चित्र या एका शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मुळात अरबी भाषेत, आणि तेथून उर्दूत, या शब्दाचा अर्थ आहे शिक्षण. निजामाच्या राज्यात शिक्षणखात्याला 'तालीमात' असेच नाव होते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्या मुलखात शेजारी शेजारी नांदत होते, त्याच मुलखात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, तालीम काढावयाची तर सरकारची परवानगी मागावी लागे. व्यायाम हे शिक्षण आहे किंवा नाही, आणि असेल तर ते कोणी कोणास द्यावे, हा प्रश्न तेथे केवळ वादविवाद-मंडळाचा नव्हता. त्यापायी माणसे सरकारच्या डोळ्यांवर येत. या प्रश्नाची हकीकत आज मी हिंगोलीच्या बाजूने सांगणार आहे, आणि त्यातही व्यायाम शिकविण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे जे वर्ग आणि जे मेळावे पैनगंगेच्या पलीकडे भरत असत, त्यांच्याविषयी विशेषेकरून बोलणार आहे.

हिंगोली हे कयाधू नदीच्या काठचे गाव. जिल्हा म्हणून त्याचा जन्म १ मे १९९९ चा; तोवर ते परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण होते. औंढ्याचे नागनाथाचे देवालय आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही तेथून जवळच. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी दप्तरांत हिंगोलीचे नाव वारंवार येते ते देवामुळेही नव्हे आणि संतामुळेही नव्हे; ते येते तेथील लष्करी छावणीमुळे. 'हैदराबाद कंटिंजंट' या नावाची एक फौज होती. तिचा खर्च निजामाने सोसावयाचा आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवावयाची, असा तिचा चमत्कारिक बेत होता. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली ही तिची मुख्य ठाणी. या फौजेचा पगार निजामाकडून थकत गेला, कर्ज साचत गेले, आणि शेवटी १८५३ च्या तहाने तिच्या खर्चाच्या भरपाईसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ साली, ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन होऊन हिंगोलीची छावणी मोडली.

या हिशेबातली गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. हिंगोलीसारख्या ठाण्यांत रोज सकाळी कवायत करणाऱ्या शिपायांच्या पगारापायी अमरावती निजामाच्या कारभारातून निघून गेली. नावाने वऱ्हाडावर निजामाचे स्वामित्व राहिलेच. इतके की १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. परंतु व्यवहारात पैनगंगा ही दोन राज्यांमधली सीमा ठरली. अलीकडे हिंगोली, पलीकडे वाशीम. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तेच कापूस-जोंदळ्याचे पीक, तीच सोयरीक आणि तीच बोली. पण अलीकडच्या शाळेतली सरकारी भाषा उर्दू, नाणे हाली शिक्क्याचे, आणि सीमेवर करोडगिरीची म्हणजे जकातीची ठाणी. पूर्णेहून येणारी आगगाडी हिंगोलीस येऊन थांबे. वऱ्हाडाशी जोडणारा लोहमार्ग झाला तो स्वातंत्र्यानंतर.

आता या अलीकडच्या राज्यात व्यायामाची हेळसांड होती असे मात्र कोणी समजू नये. इतिहास सांगताना प्रतिपक्षाच्या पदरात त्याचे माप टाकलेच पाहिजे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी हिंदुस्थानातील पहिली मोठी संस्था म्हणजे हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली मद्रासेस काढलेले वाय. एम. सी. ए. चे विद्यालय. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३१ साली, हैदराबाद शहरात सरकारी शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. कलकत्त्यास तसे महाविद्यालय निघाले १९३२ साली, आणि मुंबई सरकारचे कांदिवलीचे तर १९३८ साली. म्हणजे सरकारी विद्यालयाच्या बाबतीत निजामाचे राज्य मुंबई इलाख्याच्या सात वर्षे पुढे होते!

मग अडचण कोठे होती? अडचण व्यायामाची नव्हती; एकत्र येण्याची होती. सरकारने नेमलेल्या मास्तराने सरकारी शाळेच्या मैदानावर मुलांकडून हात वर-खाली करून घेतले तर ते शिक्षण ठरे. गावातील चार तरुणांनी वर्गणी काढून, मारुतीच्या देवळामागे हौदा खणून, आपल्यापैकी एकास वस्ताद केले, तर ती संशयास्पद चळवळ होई. 'गश्ती निशाण ५३' या नावाने जो हुकूम मराठवाड्यात कुप्रसिद्ध झाला, त्या अन्वये सभा भरविण्यास पूर्वपरवानगी लागे. खाजगी शाळेस परवानगी लागे. आणि आखाड्यासही लागे. ग्रंथालय, गणेशोत्सव, व्याख्यान, आखाडा या सर्वांकडे सरकार एकाच चष्म्यातून पाहत होते.

सरकारची भीती सर्वथा निराधार होती असे मी म्हणणार नाही. लाठी ही शरीर कमावण्यासाठी फिरविता येते तशी डोक्यातही घालता येते, आणि त्या काळात हिंदु-मुसलमानांतील वैमनस्य गावोगाव वाढीस लागले होते. काही आखाडे त्या आगीत तेल ओतीत नव्हते, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? परंतु ज्या विद्येवर हा संशय होता ती विद्या मुळात कोणा एकाची नव्हती, हे सरकारच्या ध्यानात आले नाही आणि आखाड्यातील काही उत्साही मंडळींच्याही आले नाही. आखाड्यातील बोली ऐका: वस्ताद, पहिलवान, कुस्ती, जोर, पट्टा, फरीगदगा, यांतील अर्धे शब्द फारशीकडून आलेले आहेत. बडोद्याच्या ज्या व्यायाममंदिराने महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना व्यायाम शिकविला, त्याचे नाव 'जुम्मादादा व्यायाममंदिर'. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद, आणि त्यांचे नाव आपल्या संस्थेला देणारे त्यांचे पट्टशिष्य प्रो. माणिकराव हे मराठी हिंदु. गुरूचे नाव दारावर लावताना शिष्याला कोणाची परवानगी घ्यावीशी वाटली नाही.

माणिकरावांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्या कामाचे खरे महत्त्व सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमची जुनी तालीम ही गुरुशिष्यांची जोडी होती. वस्ताद एका वेळी एका शिष्याला पेच शिकवी, बाकीचे बघत. मल्लखांबाचेही तसेच. बाळंभटदादा देवधरांपासून चालत आलेली ती विद्या, पण ती एका खांबावर एका वेळी एकच माणूस करणार. अशा पद्धतीने अजोड पहिलवान निपजतो. परंतु शाळेतील एका वर्गाची मुले त्या पद्धतीने शिकविता येत नाहीत. हे मी जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य म्हणून सांगतो. चाळीस मुले, अर्ध्या तासाची तासिका, त्यांतील पाच आजारी, दहा आळशी, दोन अतिशय चपळ, आणि उरलेली सर्वसाधारण. यांना एकाच वेळी हलते ठेवणे ही कुस्तीहून निराळी विद्या आहे. ती विद्या वस्तादाजवळ नव्हती, आणि पलटणीतून पेन्शन घेऊन शाळेत ड्रिलमास्तर झालेल्या हवालदाराजवळही नव्हती. हवालदाराजवळ आज्ञा होत्या, पण त्या इंग्रजी. मुलांना त्यांचा अर्थ कळत नसे, नुसता आवाज कळे. माणिकरावांनी देशी आज्ञा योजल्या, आणि दंड, बैठका, लाठी, लेझीम हे व्यायाम शेकडो मुलांनी एका ठेक्यावर करावेत अशी सांघिक पद्धत बसविली. पुढे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद हे माणिकरावांच्याच हाताखाली तयार झाले. आणि त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड संपादून ही विद्या कागदावर उतरविली. पहिला खंड १९३६ चा, शेवटचा १९४९ चा. मराठीत ज्ञानकोश पुष्कळ झाले, पण दंड कसा काढावा यासाठी चित्रांसह दहा खंड खर्ची घालणारा हा एकच.

तथापि हिंगोलीपासून बडोदे दूर. अमरावती त्या मानाने घरच्यासारखी. तेथे १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. नावातला 'प्रसारक' हा शब्द नीट वाचावा. आखाडे गावोगाव होते. पण आपल्या आखाड्यात येणाऱ्या मुलास पहिलवान करून आपल्याच गावची शान वाढवावी, एवढीच बहुतेकांची दृष्टी. वैद्य बंधूंची दृष्टी उलटी होती. येथे येणाऱ्याने शिकून परत जावे आणि आपल्या गावी दुसऱ्यास शिकवावे, यासाठी त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग चालविण्यास आरंभ केला. शाळा बंद, मास्तर मोकळे, महाविद्यालयांतील मुले मोकळी; आणि वऱ्हाडचा उन्हाळा अंगाची परीक्षा पाहणारा! निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येऊ लागले. शिक्षणक्रम पुरा करणारास 'व्यायामविशारद' ही पदवी मिळे. ही पदवी सरकारी नव्हती, पण शाळांना शिक्षक हवे होते आणि शिक्षकांना विद्या हवी होती. त्यामुळे तिला मोल आले.

अशा वर्गास मी प्रांतिक परिषदच म्हणेन. तुम्ही म्हणाल, परिषद म्हटली की मांडव हवा, अध्यक्ष हवा, ठराव हवेत. परंतु ठराव पास करून व्यायाम वाढला असता तर आपल्याकडे भीमांचा तोटा पडला नसता. या वर्गांत जे होई ते मांडवात होत नाही. एक उदाहरण सांगतो. हुतूतू हा खेळ घ्या. हा खेळ बंगाल्यात हुडुडू, मद्रासेकडे चेडुगुडु. नावे निराळी हे चालेल. पण नियमही निराळे. एका प्रकारात मेलेला गडी प्रतिपक्षाचा गडी मेला की पुन्हा जिवंत होऊन पाटात येतो. त्यास संजीवनी म्हणतात. दुसऱ्यात एकदा मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर, ती गामिनी. तिसऱ्यात गडी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजावयाचे, तो अमर. आता नागपूरचा मुलगा, खानदेशचा मुलगा आणि मराठवाड्याचा मुलगा एका मैदानावर उतरले, तर पहिला अर्धा तास खेळ न होता भांडण होणार. ज्याला पुढे शिक्षक व्हावयाचे आहे त्याने हे भांडण एकदा तरी मिटवून पाहिलेले असावे. गावोगावचे खेळाडू एकत्र आल्यावाचून खेळाला नियम मिळत नाहीत, आणि नियम मिळाल्यावाचून तो शाळेत शिरत नाही. खो-खोचे नियम प्रथम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बसले. हुतूतूच्या अखिल भारतीय स्पर्धा १९२३ साली बडोद्यास झाल्या. आणि आट्यापाट्या व खो-खो यांच्या नियमांचे पुस्तक अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली छापले. प्रत्येक वेळी आधी माणसे जमली, मग नियम झाले.

लेझमीचेही असेच. जुनी लेझीम ही धनुष्याच्या आकाराची, लोखंडी साखळीची, चांगली वजनदार; ती ओढताना दंड भरून येत. ती दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देता येत नाही. मग हलकी लेझीम, हलगीचा ठेका, आणि मोजून घेतलेली पावले. वजन कमी केल्याने जुने वस्ताद नाराज झाले. त्यांचे म्हणणे, व्यायामाचा नाच केला. माझे मत विचाराल तर, नाच झाला म्हणूनच ती प्रत्येक शाळेत गेली. ते असो.

तर हिंगोलीच्या तरुणापुढे दोन मार्ग होते. हैदराबादेस जाऊन सरकारी महाविद्यालयात शिकावे आणि सरकारी ड्रिलमास्तर व्हावे, हा एक. पैनगंगा ओलांडून अमरावतीस जावे, सुटीचा वर्ग करावा, आणि परत येऊन गावात शिकवावे, हा दुसरा. पण दुसऱ्या मार्गाने विद्या घेऊन परतणारास अलीकडे येताच परवानगीचा प्रश्न आडवा येई. विद्येस जकात नव्हती; ती वापरण्यास मात्र होती.

या ठिकाणी मला युरोपातील एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हे राज्यकर्त्यांचे भय केवळ निजामाचे नव्हे. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाची धूळधाण उडविली. पाच वर्षांनी, १८११ साली, फ्रीड्रिख लुडविग यान या नावाच्या एका शिक्षकाने बर्लिनबाहेर हाझेनहाइडे नावाच्या माळावर मुले जमवून उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. दांड्या, शिड्या, उड्या मारण्याचे खड्डे, असा त्याचा थाट. त्याचा हेतू लपलेला नव्हता. पडलेल्या राष्ट्रास उभे करावयाचे होते. नेपोलियन असेपर्यंत प्रशियाच्या सरकारला हे गोड वाटले. नेपोलियन गेल्यावर हीच मुले स्वातंत्र्याची आणि एकराष्ट्राची भाषा बोलू लागली, तेव्हा सरकारने १८१९ साली यानला अटक केली, १८२० साली व्यायामाची मैदाने बंद केली, आणि ही बंदी १८४२ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, चालविली. याच सुमारास स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंगने निराळी वाट धरली होती. त्याने १८१३ साली स्टॉकहोमला राजाच्या आश्रयाने व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था काढली, आणि ती टिकली. यानजवळ चळवळ होती, लिंगजवळ विद्यालय होते. वैद्य बंधूंचे वैशिष्ट्य असे की त्यांच्याजवळ ही दोन्ही होती. स्वातंत्र्याच्या चळवळीशी या आखाड्याचे नाते जवळचे होते आणि शिक्षक तयार करण्याचे काम तर वर्षानुवर्षे चालूच होते.

ज्या बर्लिनमध्ये बावीस वर्षे व्यायामाचे मैदान बेकायदा होते, त्याच बर्लिनमध्ये १९३६ च्या ऑगस्ट महिन्यात ऑलिंपिक सामने भरले. सामन्यांच्या जोडीने जर्मन सरकारने देशोदेशींच्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांस बोलावून त्यांचे एक आंतरराष्ट्रीय शिबिर भरविले होते. हिंदुस्थानाच्या हॉकीचा विजय आणि ध्यानचंदांचे नाव सर्वांस पाठ आहे. परंतु त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला गेला होता, आणि हुतूतू, मल्लखांब यांसारखे देशी प्रकार त्याने तेथे परदेशी प्रेक्षकांस करून दाखविले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वऱ्हाडातल्या एका आखाड्याने, स्वतःच्या हिमतीवर, बर्लिनपर्यंत जावे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या प्रसंगाचे वर्णन करताना आपले लोक नुसते हुरळून जातात, ते मला पसंत नाही. ते यजमान कोण होते हे विसरून चालणार नाही. ज्यू खेळाडूंना आखाड्याबाहेर काढून ते सरकार जगापुढे बलोपासनेचा देखावा मांडीत होते. तीनच वर्षांनी त्याच कवायती पायांनी पोलंड तुडविला. प्रशियाच्या राजाने व्यायामाला भिऊन कुलूप लावले, हिटलरने त्याला निशाण देऊन मिरवणुकीत चालविले. दोघांचेही मनोगत एकच: लोकांचे शरीर लोकांच्या स्वाधीन राहू नये. अमरावतीची मुले तेथून दांड्यांवरील कसरतींची पद्धत शिकून आली असतील, मैदानाची मांडणी पाहून आली असतील. परंतु त्यांच्या आखाड्याचे निशाण कोणा सरकारने दिलेले नव्हते, हे त्यांचे भाग्य.

बर्लिनच्या दोन वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्याच्या अखिल भारतीय ऑलिंपिक सामन्यांत हुतूतूचा, म्हणजे आता कबड्डी म्हणून सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा समावेश झाला. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ १९३७ साली अधिकारावर आले होते. त्याने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली, आणि १९३८ साली कांदिवलीचे विद्यालय निघाले, पी. एम. जोसेफ त्याचे पहिले प्राचार्य. म्हणजे आखाड्यांतून आणि जिमखान्यांतून वीस-पंचवीस वर्षे जे चालले होते, त्यास लोकनियुक्त सरकारने शिक्षण म्हणून मान्यता दिली.

पैनगंगेच्या अलीकडे त्याच १९३८ सालाने निराळेच रूप घेतले. परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले होते; १९३८ च्या अखेरीस स्टेट काँग्रेसचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाजाच्या तक्रारींत धर्माचरणाच्या स्वातंत्र्याबरोबर खाजगी शाळा आणि आखाडे यांवरील बंधनांचीही तक्रार होती. शाळा आणि आखाडा या दोन गोष्टी एकाच वाक्यात याव्यात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. लोकांना तालीम हवी होती, दोन्ही अर्थांनी. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रह थांबला. परंतु गावातल्या तरुणांच्या जमण्यावरचा संशय थांबला नाही.

पुढची हकीकत सर्वांस परिचित आहे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, निजामाचे राज्य झाले नाही. रझाकारांचा उपद्रव वाढला, आणि मराठवाड्यातील तरुण सीमा ओलांडून वऱ्हाडात गेले. उमरखेड, वाशीम या भागांत स्टेट काँग्रेसच्या सीमेवरील छावण्या उभ्या राहिल्या. छावणी हा शब्द हिंगोलीने शंभर वर्षे ऐकला होता, परंतु तो पगारी फौजेचा. आता पैनगंगेच्या पलीकडे बिनपगारी मुले कवायत करीत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली, आणि त्याबरोबर परवानगीचा प्रश्नही निकालात निघाला. दुसऱ्या वर्षी, १९४९ साली, स्टॉकहोमला लिंगच्या स्मरणार्थ जागतिक व्यायाम-मेळावा, म्हणजे लिंगियाड, भरला. अमरावतीचा संघ त्यासही गेला होता. एव्हाना पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकच निशाण होते.

त्यानंतरची वाढ झपाट्याची झाली, म्हणून ती मीही झपाट्यानेच सांगतो. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. ग्वाल्हेरला १९५७ साली लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले, आणि कांदिवलीचे जोसेफच त्याचे पहिले प्राचार्य झाले. अमरावतीच्या मंडळाने १९६७ साली पदवी महाविद्यालय काढले. सुटीतल्या वर्गाची जागा वर्षावर्षाच्या शिक्षणक्रमाने घेतली. नांदेडचे विद्यापीठ १९९४ चे, आणि हिंगोली जिल्हा त्याच्या क्षेत्रात येतो. ज्या हिंगोलीतून १९०३ साली फौज उठली, तेथे आज राज्य राखीव पोलीस दलाचा एक गट आहे. त्यामुळे सकाळची कवायत गावास पुन्हा दिसते. शाळाशाळांतून शारीरिक शिक्षणाची तासिका वेळापत्रकात छापलेली असते. मात्र फेब्रुवारी उजाडला की ती गणिताला उसनी दिली जाते आणि परत मिळत नाही. यास कोणाच्याही हुकमाची गरज लागत नाही. आम्ही मास्तर लोकच ते करतो आणि पालक आम्हांस धन्यवाद देतात.

आणि पैनगंगा? हिंगोलीहून वाशीम, अकोल्याकडे आता रुंद रुळांची गाडी जाते, आणि अकोल्याहून पुढे अमरावती काही दूर नाही. हिंगोली सोडून वाशीमकडे निघाले की सीमेजवळ एक गाव लागते. करोडगिरी जाऊन सत्तर वर्षांच्या आसपास काळ लोटला. लोक त्या गावाला अजूनही कनेरगाव नाका असेच म्हणतात.